पहिल्या संकराला दहा पिल्ले, पणतीला सहा: डुकरांचे वेत पिढीगणिक का घटते आणि ते कसे सावरावे

आमच्या खानापूर, बेळगाव आणि निपाणी भागात वराहपालन करणाऱ्यांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते, आणि सांगणारा प्रत्येक जण ती आपल्या एकट्याचीच अडचण आहे असे समजून सांगत असतो. घरच्या काळ्या गावरान माद्यांना यॉर्कशायर या पांढऱ्या परदेशी जातीचा नर दाखवला, त्यांच्या संकरित मुली वाढल्या, त्या व्याल्या तेव्हा एकेका वेताला नऊ-दहा पिल्ले आली आणि सगळे घर हरखून गेले. त्यानंतर तीन-चार वर्षांत, त्याच शेडमध्ये आणि त्याच खुराकावर, नातींच्या वेताला सात आणि पणतींच्या वेताला सहा पिल्ले येऊ लागली, त्यांतलीही एक-दोन पहिल्या आठवड्यातच गेली. मग नर म्हातारा झाला असे म्हणून दुसरा आणला जातो, एखाद-दुसरे वेत बरे जाते आणि घसरण परत सुरू होते. माझ्या स्वतःच्या शेडमध्ये मी हे पाच वर्षे सोसले आहे. रोग आणि खुराक यांची शंका फिटल्यावर शेवटी जे कारण उरले ते पैदाशीच्या पद्धतीत होते, आणि ते दुरुस्त करता आले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

उपाय करण्याआधी पिल्ले नेमकी कोणत्या टप्प्यावर कमी होतात हे पाहावे लागते. सकाळी शेडमध्ये जाऊन मोजलेली पिल्ले म्हणजे वेत नव्हे. एका श्रावणात, पाऊस कोसळत असताना, ज्या मादीच्या नावापुढे माझ्या वहीत मागच्या दोन्ही वेळी ‘पाच’ असे लिहिलेले होते तिच्याजवळ मी रात्रभर बॅटरी घेऊन बसलो. पहाटेपर्यंत तिला आठ पिल्ले झाली. एक मेलेलेच जन्मले, एक भाताच्या पिंजराखाली सरकले आणि आई कूस बदलताना तिच्या अंगाखाली आले, आणि तिसरे इतके गारठले होते की ते सडापर्यंत पोचलेच नाही. मेलेली पिल्ले काही माद्या सकाळपर्यंत खाऊन टाकतात, त्यामुळे उजाडल्यावर मोजणाऱ्याला पाचच दिसतात आणि आठाची मादी वहीत पाचाची ठरते. म्हणून प्रत्येक वेतापुढे तीन आकडे लिहावेत: एकूण जन्मलेली पिल्ले (मेलेली आणि सुकलेली धरून), जिवंत जन्मलेली पिल्ले, आणि दूध तोडताना, म्हणजे आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे ४२ ते ५६ दिवसांनी, हाताशी उरलेली पिल्ले. पहिलाच आकडा लहान असेल तर दोष माज, भरवणे (नर दाखवून गाभण करणे), गर्भ टिकणे किंवा जात यांपैकी कशात तरी आहे. पहिला आकडा चांगला आणि तिसरा लहान असेल, तर आईचे दूध, जागा, ऊब आणि पिल्लांची मूळची ताकद यांकडे पाहावे लागते.

जातीकडे वळण्याआधी काही साधी कारणे बाजूला काढावीत. पहिलारू मादीचे वेत नेहमीच एक-दोन पिल्लांनी लहान असते, तिसऱ्या ते पाचव्या वेतापर्यंत ते वाढते आणि सहाव्या-सातव्या वेतानंतर पुन्हा उतरते. त्यामुळे आजीच्या चौथ्या वेताची तुलना नातीच्या पहिल्या वेताशी करणे हा नातीवर अन्याय आहे. नवी मादी तिच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या माजावर भरवावी, पहिल्यावर नव्हे. ताठ उभी राहते त्या माजात तिला दोन वेळा, बारा ते चोवीस तासांच्या अंतराने, नर दाखवावा. एप्रिल-मे महिन्यांत भरवलेल्या माद्या ११४ दिवसांनी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, लहान वेत देत असतील तर उन्हाळ्याचा संशय घ्यावा. अथणी, रायबाग, चिक्कोडीच्या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात हा त्रास खानापूरच्या रानापेक्षा जास्त असतो. अति उष्म्याने भरवल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातले गर्भ दगावतात, आणि नराच्या वीर्याची प्रत त्यानंतर पाच-सहा आठवडे खालावलेली राहू शकते. वेतात वेगवेगळ्या आकाराचे, सुकून काळपट चामड्यासारखे झालेले गर्भ दिसले, किंवा माद्या उशिरा गाभडू लागल्या, तर जातीचा विचार तिथेच थांबवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात नमुने द्यावेत. पार्व्हो विषाणू, लेप्टोस्पायरा आणि ब्रुसेला हे तीन रोगजंतू तपासण्यासारखे आहेत. ब्रुसेला माणसालाही होतो, म्हणून गाभडलेले गर्भ आणि वार उघड्या हातांनी उचलू नये.

एवढे सगळे तपासून झाल्यावरही पिढीगणिक घट दिसत असेल, तर जातीचा आणि संकराचा हिशोब मांडायला बसावे.

पहिली गोष्ट अशी की वेतातील पिल्लांची संख्या हा मुख्यतः आईचा गुण आहे. किती स्त्रीबीजे सुटली आणि त्यांतून तयार झालेल्या गर्भांपैकी किती तिच्या गर्भाशयात टिकले, यावर ती संख्या ठरते. परदेशी जातीच्या मादीला एका माजात साधारण १५ ते २० स्त्रीबीजे सुटतात, त्यांतली बहुतेक फळतात आणि फळलेल्यांपैकी एक-तृतीयांशाच्या आसपास गर्भ व्याण्याआधीच नाहीसे होतात. चीनमधील मेइशान जातीच्या माद्या यॉर्कशायरपेक्षा तीन-चार पिल्ले जास्त देतात, आणि त्यामागे गर्भ टिकवून धरण्याची त्यांची क्षमता हे मोठे कारण आहे. नराचे काम वीर्य निरोगी असणे आणि वेळेवर भरवणे एवढ्यापुरते मोठे आहे. त्याच्या जातीचा परिणाम पिल्लांच्या वजनावर, तगून राहण्यावर आणि वाढीवर दिसतो, आणि पिल्लांच्या संख्येवर तो दिसतो तो त्याच्या मुली व्यायला लागल्यावर. चांगला नर आणला की पुढच्याच वेताला चार पिल्ले वाढतील ही अपेक्षा म्हणूनच फोल ठरते, आणि दर वर्षी नर बदलत राहणाऱ्यांची निराशा होते.

जातीजातींत फरक मात्र मोठा आहे. आपल्याकडच्या गावरान मादीला साधारण पाच ते सात पिल्ले होतात, ती लहान असतात, पण उकिरड्यावर आणि उष्ट्यावर वाढण्याची त्यांची ताकद वादातीत आहे. लार्ज व्हाइट यॉर्कशायर आपल्या देशातील परिस्थितीत साधारण आठ ते दहा पिल्ले देते, लँड्रेस त्याच्याच आसपास असते आणि दूध पाजण्यात चांगली मानली जाते. ड्युरॉक आणि हॅम्पशायर या दोन जाती मुख्यतः वाढ आणि मांस यांसाठी बापाच्या बाजूने वापरल्या जातात. देशी म्हणजे कमी पिल्लांचीच असेही नाही. पश्चिम बंगालमधील घुंगरू ही काळी देशी जात मोठ्या वेतासाठी प्रसिद्ध आहे, आणि गुवाहाटीजवळील राणी येथील राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने हॅम्पशायर आणि घुंगरू यांच्या संकरातून ‘राणी’ हा वाण तयार केला आहे. आपल्या शेजारच्या गोव्यातील अगोंदा गोवन ही नोंदणीकृत देशी जात आहे आणि जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेत तिचा यॉर्कशायरशी संकर करून पाहिलेला आहे. चोर्ला घाटाने गोव्याशी रोजचे येणे-जाणे असलेल्या खानापूरच्या पालकांनी ते काम एकदा डोळ्यांनी पाहून यावे असे मला मनापासून वाटते.

आता घसरणीचे मूळ. दोन दूरच्या जातींचा संकर केला की पहिल्या पिढीत एक जादा जोम येतो, ज्याला संकरित जोम म्हणतात. तो दोन ठिकाणी काम करतो: संकरित पिल्लात, आणि संकरित आईत. पिल्लातल्या जोमाने ते जगते आणि वाढते. आईतल्या जोमाने ती जास्त गर्भ टिकवते, दूध जास्त देते आणि पिल्ले नीट पाजते. अनेक देशांतील प्रयोगांची सरासरी पाहिली तर संकरित आईच्या जोमामुळे जन्मणारी पिल्ले साधारण ८ टक्क्यांनी आणि दूध तोडेपर्यंत जगणारी साधारण ११ टक्क्यांनी वाढतात; पिल्लांच्या स्वतःच्या जोमाचा जन्माच्या संख्येवरील परिणाम दोन-तीन टक्क्यांचाच असतो, पण जगण्यावर तो सहा टक्क्यांच्या आसपास दिसतो. म्हणून गावरान मादीला यॉर्कशायर दाखवला त्या पहिल्या वेताला संख्या फारशी वाढत नाही, आणि त्यांच्या मुली व्याल्या की एकदम वाढते. आपल्या पालकांना दिसलेली नऊ-दहा पिल्ले ही त्या मुलींची होती. त्यांत यॉर्कशायरच्या रक्ताचा वाटा होता, आणि त्यावर पूर्ण संकरित जोमाचा.

हा जोम वारशाने जसाच्या तसा पुढे जात नाही, आणि नेमके हेच कोणी सांगत नाही. पहिल्या संकराचा नर पहिल्या संकराच्या मादीला दाखवला की पुढच्या पिढीत जोम निम्म्यावर येतो. पहिल्या संकराची मादी पुन्हा शुद्ध यॉर्कशायरला दाखवली तरी तो निम्म्यावरच येतो, तीच रीत आणखी एक पिढी चालवली तर पाव उरतो, त्यापुढे आठवा भाग. या दुसऱ्या रीतीत यॉर्कशायरचे रक्त वाढत असल्यामुळे काही अंशी भरपाई होते. पण ती भरपाई वसूल व्हायला तसा खुराक, तसे शेड आणि उन्हापासून तसा आडोसा लागतो. हॉटेलच्या उष्ट्यावर आणि पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये पंचाहत्तर टक्क्यांवर रक्त गेलेली मादी पहिल्या संकराच्या मादीपुढे टिकत नाही, असा माझा अनुभव आहे, आणि म्हणून रक्त वाढवत नेणे हीच सुधारणा असे मी आता कोणाला सांगत नाही.

त्यात भर पडते घरातल्या घरात पैदाशीची. शेडमध्ये देखणा वाढलेला संकरित पोर नर म्हणून ठेवायचा मोह सर्वांना होतो. मीही ठेवला होता. तो स्वतःच्या बहिणींवर गेला, पुढे स्वतःच्या मुलींवर गेला, आणि वहीत कोणाचा बाप कोण हे मी लिहीतच नव्हतो. सख्ख्या भावंडांचा किंवा बाप-मुलीचा संबंध झाला की जन्मणाऱ्या पिल्लांत अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या पैदाशीचे प्रमाण, २५ टक्क्यांवर जाते, सावत्र भावंडांच्या संबंधात १२.५ टक्के. आईच्या अंगातील अंतःप्रजनन दर १० टक्क्यांनी वाढले की वेत सरासरीने साधारण पाव पिल्लाने घटते, आणि पिल्ले अशक्त जन्मत असल्यामुळे दूध तोडेपर्यंतची घट त्याहून मोठी होते. निम्मा गेलेला जोम आणि वर हे, असे दोन्ही एकाच मादीत एकत्र येतात तेव्हा पणतीच्या वेताला सहा पिल्ले का येतात याचे वेगळे स्पष्टीकरण शोधावे लागत नाही.

मग नवा नर आणूनही दोष का जात नाही? कारण तो नर शुद्ध जातीचा नसतो. डुकरांत यॉर्कशायर आणि लँड्रेस यांचा पांढरा रंग प्रबळ असतो. काळ्या गावरान मादीला शुद्ध यॉर्कशायर दाखवला तर पहिल्या संकराची बहुतेक सगळी पिल्ले पांढरीच निघतात, आणि त्या पांढऱ्या संकरांची आपसांत पैदास केली तरी चारांतली तीन पांढरी निघतात. बाजारात ‘बिळी हंदी’ (कन्नडमध्ये पांढरे डुक्कर) म्हणून, शुद्ध यॉर्कशायरच्या भावाने, विकत मिळणारा नर बऱ्याच वेळा असा संकरित असतो. विकणाऱ्याच्या मनात फसवणूक असतेच असे नाही, त्यालाही रंगच पुरावा वाटत असतो. मी एकदा अशाच एका नराला चांगली किंमत मोजली, आणि त्याच्या पहिल्याच वेतांत दोन काळी आणि एक ठिपक्यांचे पिल्लू पाहिल्यावर मला उमगले. तीच खरी चाचणी आहे: पूर्ण काळ्या गावरान मादीला तो नर दाखवावा, आणि दोन वेतांत पूर्ण काळे पिल्लू निघाले तर तो शुद्ध पांढऱ्या जातीचा नाही असे धरून चालावे. घेतानाच पाहायचे असेल तर कान आणि तोंड पाहावे. यॉर्कशायरचे कान उभे असतात आणि नाकाडाच्या वर किंचित खोलगट भाग असतो. लँड्रेसचे कान डोळ्यांवर पुढे झुकलेले आणि पाठ लांब असते. तरीही सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे नोंदवही ठेवणाऱ्या शासकीय किंवा विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरून, कानाच्या खाचेच्या क्रमांकासह घेतलेला नर.

‘बारा पिल्लांच्या आईचा नर ठेवला तर?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. उत्तर आकड्यांतच आहे. वेताच्या आकाराची आनुवंशिकता, म्हणजे माद्यामाद्यांतल्या फरकातला रक्तातून आलेला वाटा, साधारण १० टक्केच आहे. शेडची सरासरी आठ असताना एका मादीने एकदा बारा दिली, म्हणजे चार जादा, त्यांतला रक्तातला भाग सरासरीने ०.४ पिल्लांचा. तिच्या नरपिल्लात त्याचा निम्मा, ०.२, उतरतो आणि त्या नराच्या मुलींत त्याचाही निम्मा, म्हणजे ०.१. दहा मुलींच्या मागे एक पिल्लू. याउलट आईत पूर्ण संकरित जोम असेल तर आठ पिल्लांच्या सरासरीवर तो सहा दशांशांहून अधिक भर घालतो, तोही एका पिढीत. वाढीचा वेग किंवा पाठीवरची चरबी यांच्या बाबतीत निवड चांगले फळ देते, कारण त्यांची आनुवंशिकता ३० ते ५० टक्क्यांच्या घरात असते. वेताच्या बाबतीत पाच-दहा माद्यांच्या पालकाने निवडीपेक्षा संकराच्या आखणीवर भर द्यावा. आईची निवड करायचीच तर एका वेतावरून नव्हे, तीन वेतांच्या सरासरीवरून करावी, आणि निदान बारा, शक्यतो चौदा चालू सड असलेलीच मुलगी ठेवावी.

उपाय शेडच्या आकाराप्रमाणे बदलतो. दोन ते चार माद्या असणाऱ्याने मुली ठेवण्याच्या भानगडीत न पडता पहिल्या संकराच्या माद्या बाहेरून विकत घ्याव्यात, त्यांना तिसऱ्या जातीचा, उदाहरणार्थ ड्युरॉकचा, नर दाखवावा आणि त्या वेतांतली सगळी पिल्ले बाजारात घालवावीत. या रीतीत आईचा आणि पिल्लाचा दोन्ही जोम पूर्ण मिळतो, अट एवढीच की त्यांतले एकही पिल्लू, ते कितीही देखणे असो, पैदाशीला ठेवायचे नाही. दहा-पंधरा माद्यांच्या पालकाने दोन-तीन चांगल्या गावरान माद्या खास जपून ठेवाव्यात, त्यांना शुद्ध यॉर्कशायर दाखवून आपल्या संकरित माद्या स्वतः तयार कराव्यात आणि बाकी शेडला ड्युरॉक किंवा लँड्रेस वापरावा. गावरान माद्या विकून टाकणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो की पुढच्या सगळ्या जोमाचे अर्धे भांडवल त्यांच्याच अंगात आहे.

ज्याला हे दोन्ही जमत नाही त्याने आळीपाळीची पद्धत वापरावी: ज्या मादीचा बाप यॉर्कशायर तिला लँड्रेस, ज्या मादीचा बाप लँड्रेस तिला यॉर्कशायर. दोन जातींच्या आळीपाळीत कायमस्वरूपी ६७ टक्के जोम टिकतो आणि तीन जातींच्या आळीपाळीत ८६ टक्के. मात्र या वाटेने गावरान रक्त हळूहळू कमी होत जाते, म्हणून शेडची व्यवस्था आधी सुधारावी. दोन नर पाळणे परवडत नसेल तर कृत्रिम रेतन हा उत्तम मार्ग आहे; लहान गावरान मादीवर दोनशे किलोचा नर चढल्याने होणारी इजाही त्यामुळे टळते. डुकराचे वीर्य सुमारे १७ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवले तर शुक्राणू थंडीनेच मरतात आणि दोष विनाकारण मादीवर येतो. शेजारच्या गावाशी नराची अदलाबदल करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तसे करायचे तर नर महिनाभर वेगळा बांधून, स्वाइन फिव्हरची लस झाल्याची खात्री करून मगच शेडमध्ये घ्यावा.

संकरित आईला पिल्ले जास्त होतात, तेव्हा ती जगवण्याची तयारीही वाढवावी लागते. यॉर्कशायर रक्ताची मादी जड असते, म्हणून भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर आडवा नळ बसवावा, म्हणजे ती आडवी होताना पिल्लाला निसटायला जागा राहते. पहिले काही दिवस पिल्लांच्या कोपऱ्यात ३२ ते ३४ अंशांची ऊब, पहिल्या काही तासांत प्रत्येकाच्या तोंडात चीक, आणि सिमेंटच्या फरशीवर वाढणाऱ्या पिल्लांना पहिल्या तीन-चार दिवसांत लोहाचे इंजेक्शन, एवढे केले नाही तर वाढलेली पिल्ले वहीच्या दुसऱ्या आकड्यात दिसतील आणि तिसऱ्यात नाहीशी होतील.

सुधारणा कधी दिसेल याची कल्पना आधीच असावी, नाहीतर मधेच धीर सुटतो. आज खात्रीचा, नात्यात नसलेला, वेगळ्या जातीचा नर शेडमध्ये आला, तर सुमारे चार महिन्यांनी जी पिल्ले जन्मतील ती संख्येने तेवढीच असतील, पण अधिक दणकट असतील आणि दूध तोडताना जास्त उरतील. त्यांतल्या मुली आठ महिन्यांच्या झाल्यावर भरवाव्या लागतील आणि आणखी ११४ दिवसांनी त्या व्यातील, म्हणजे आजपासून साधारण सोळा महिन्यांनी. त्याही पहिलारू असणार, त्यामुळे त्यांच्या पहिल्या वेताची तुलना वहीतल्या इतर पहिलारूंच्या पहिल्या वेताशीच करावी, आणि घटलेल्या पिढीचा घरचा नर त्याआधीच शेडमधून काढलेला असावा.